गडहिंग्लजची तारीख

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत बाहेर पडणाऱ्या माणसाला "कुठं निघालात" असे विचारले नाही, तर तो अनादर समजला जातो. त्यामुळे दर महिन्याला एकदा सकाळी गडहिंग्लजच्या एसटीकडे निघणाऱ्या माणसाजवळ टिकाऊ कारण असणे आवश्यक होते. मी दिवाणी न्यायालयात आयुष्य काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेलो आहे. टिकाऊ कारण कोणते, हे शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. "जमिनीचा दावा आहे, आज तारीख आहे," असे मी सांगू लागलो.

याहून भक्कम कारण मला आजही सुचत नाही. लग्न असले तर ते उरकते. नातेवाईक आजारी असला तर तो बरा होतो किंवा जातो. दावा मात्र चालू राहतो, आणि तो का चालू आहे हे कोणी विचारत नाही. संध्याकाळी परतल्यावर "पुढची तारीख पडली" एवढे सांगितले, की विचारणारा स्वतःच न्यायव्यवस्थेला दोन शिव्या घालून घरी जात असे.

दावा नव्हता, आणि जमीनही नव्हती. मी आणि माझी पत्नी दोघेही एचआयव्हीबाधित आहोत, आणि त्या बाजूच्या एका सरकारी केंद्रातून मी दोघांच्या गोळ्या आणत होतो. लागण कशी झाली, हे मी येथे लिहिणार नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, वाचकांनाही नाही. गोळ्या कोल्हापुरातही मिळतात. पण कोल्हापूरच्या रांगेत कोल्हापूरची माणसे भेटतात. परतीच्या वेळी गडहिंग्लजच्या स्टँडवर मला एक जोडपे कोल्हापूरच्या गाडीतून उतरताना अनेकदा दिसे. ती बाई आपली पिशवी पोटाशी ज्या रीतीने धरी, त्यावरून तेही आपल्या गावची रांग टाळून कोल्हापुरातून गोळ्या आणतात, हे मी ओळखले होते. त्यांनीही मला ओळखले असावे, कारण आम्ही तिघेही एकाच वेळी दुसरीकडे पाहायला लागत असू.

लोकांविषयीच्या माझ्या संशयाला पुरावा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली होती. रक्ताचा अहवाल आला त्या दिवशी तिच्या खाटेला लाल फीत बांधली गेली, आणि जेवणाचे ताट दाराशी ठेवले जाऊ लागले. दुसऱ्या दिवशी सर्जनने यंत्र बिघडल्याचे सांगितले. मी पत्रामागून पत्रे लिहिली. प्रत्येक पत्राला "यंत्र नादुरुस्त होते" हेच उत्तर आले, आणि शेजारच्या खाटेवरील बाईची तीच शस्त्रक्रिया त्याच यंत्राने त्याच आठवड्यात झाली. पुढे बाधितांच्या हक्कांचा कायदा आला. तो मी कलमागणिक वाचला. खाटेला फीत बांधणारा हात कोणत्याही कलमाला घाबरत नाही, हेही मला तोवर समजलेले होते.

समोरच्या घरात एक शिंपी राहतो. त्याच्या कुटुंबाच्या चार पिढ्या याच गल्लीत गेल्या. माणूस मोठ्या आवाजाचा आणि अघळपघळ. मला तो प्रथमपासूनच संशयास्पद वाटत आला, कारण त्याला माझ्या दाव्यात अकारण रस होता.

"साहेब, माझा भाचा गडहिंग्लजला वकिली करतोय की," तो एकदा मशीन थांबवून म्हणाला. "दावा नंबर द्या. कुटं अडकलाय ते बघून सांगंल."

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," मी म्हणालो.

"मग वकिलालाच सांगायचं की. गल्लीला सांगून काय उपेग?"

मी नंबर दिला नाही. तो हसला आणि पुन्हा मशीन चालवू लागला. तो का हसला, यावर मी बरेच दिवस विचार केला.

त्यानंतर कोरोना आला आणि गल्लीतल्या लहान मुलांच्याही तोंडी "पॉझिटिव्ह" हा शब्द आला. आमच्या घरात तो शब्द कधीही मोठ्याने उच्चारला गेला नव्हता. आम्ही त्याला नुसते "ते" म्हणत असू. आता "कोपऱ्यावरचे पॉझिटिव्ह हायत", "दूधवाला पॉझिटिव्ह निघाला" असे लोक खिडकीतून ओरडून सांगत. प्रत्येक वेळी मी आमची खिडकी लावून घेत असे. याच सुमारास कोणत्याशा वाहिनीवर सांगितले गेले, की आमच्या रोगावरच्या काही गोळ्या कोरोनावर देऊन पाहत आहेत. त्या दिवसापासून मी गोळ्यांच्या कपाटाला कुलूप लावले.

केंद्रातील समुपदेशक बाईंनी फोन करून विचारपूस केली, तेव्हा त्यांना माझा क्रमांक कोणत्या नोंदीतून मिळाला, हे मी प्रथम विचारले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले आणि नंतर जे सांगितले ते मी लक्षात ठेवले. जे नियमित गोळ्या घेतात आणि ज्यांचा विषाणू दबलेला आहे, त्यांनी इतरांइतकीच पण न चुकता काळजी घ्यावी. ज्यांनी गोळ्या सोडल्या आहेत, ज्यांच्या संरक्षक पेशी कमी आहेत, ज्यांचे वय झाले आहे, ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे, त्यांना धोका अधिक. काहीही झाले तरी गोळी तोडायची नाही. पत्नीला साखर आहे, आणि तिच्या पेशी कधीही फार वर चढल्या नव्हत्या. त्यानंतर टाळेबंदीमुळे केंद्राने अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. लोक अशा वेळी आभार मानतात. मला मात्र केंद्र बंद तर करणार नाहीत ना, अशी शंका आली, आणि मी तसे पत्र पाठवून खुलासा मागितला.

दुसऱ्या लाटेत पत्नीला ताप आला. खोकला वाढला, बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा खाली सरकू लागला, आणि तिला एका वसतिगृहात उघडलेल्या कोविड केंद्रात न्यावे लागले. दाराशी पांढऱ्या पोशाखात आपादमस्तक झाकलेली एक डॉक्टर होती. आवाजावरून तरुण वाटली. बोलण्याचा हेल चंदगडकडचा होता, आणि आमच्याकडच्या मुली बोलतात तशी ती पुल्लिंगी क्रियापदे वापरत होती.

"आजींना आधीपासून काय आजार?"

"मधुमेह," मी सांगितले.

"आणि? रोजच्या गोळ्या कुठल्या चालू हाईत?"

"हा प्रश्न आपण कोणत्या अधिकारात विचारत आहात?"

तिने वर पाहिले. चष्म्यावर वाफ धरली होती.

"काका, अधिकारात न्हाय. ऑक्सिजन कमी झालाय म्हणून विचारतोय."

पत्नीने माझ्या बाहीला ओढले. मी तिच्याकडे पाहिले आणि म्हणालो, "मधुमेहाच्याच."

मी पूर्वतयारी केलेली होती. आम्हा दोघांची गोळी एकच. रोज एकदा घ्यायची. तिच्या वाट्याच्या गोळ्या मूळ बाटलीतून काढून मी एका पाचक चूर्णाच्या गोळ्यांच्या डबीत भरल्या होत्या. वरचे लेबल तसेच ठेवले होते. मला विचारल्याशिवाय ती कोणालाही काही सांगणार नाही, असे तिच्याकडून वदवूनही घेतले होते. मूळ बाटलीवरचे नाव कोणीही मोबाइलमध्ये घालून पाहू शकतो. पाचक गोळ्यांचे नाव कोण पाहील, असा माझा युक्तिवाद होता.

त्या युक्तिवादात एकच उणीव निघाली. पाचक गोळ्या त्या वॉर्डात कोणालाही आवश्यक वाटल्या नाहीत.

"अहो, डबी न्हेली की त्यांनी," दुसऱ्या दिवशी पत्नी फोनवर म्हणाली. तिचे माहेर कर्नाटकच्या सीमेवरचे असल्यामुळे तिचे बोलणे नेहमी लांबट असते. आता ते दमामुळे तुटत होते. "सिस्टर म्हणाली, 'आजी, भाईरच्या गोळ्या हितं चालत न्हाईत. पोट बिघडलं तर आमी देतो.' आता काय करू? डॉक्टरीणबाईला सांगू का?"

"नाही. शेजारी खाटा किती आहेत?"

"खाटाच हाईत सगळीकडं."

"मग नाही. मी बघतो."

मला स्वतःला लक्षणे नव्हती, पण संपर्कातला म्हणून मी घरात बंद होतो आणि दाराशी बांबू आडवा बांधला होता. मी टेबलाशी बसून केंद्राच्या प्रमुखांना पत्र लिहायला घेतले. रुग्णाच्या ताब्यातील वस्तू पंचनामा न करता, पावती न देता काढून घेणे ही बेकायदेशीर कृती आहे, असा मजकूर मी पहिल्या परिच्छेदात पूर्ण केला. पुढे काढून घेतलेल्या वस्तूचे वर्णन द्यावे लागते. वर्णनाशिवाय तक्रार ग्राह्य धरली जात नाही. अशा किती तक्रारी मी स्वतःच परत पाठवल्या होत्या. "पाचक गोळ्या" लिहिले तर पाचक गोळ्यांसाठी एवढा गहजब का, असे विचारतील. खरे लिहिले तर ते कागदावर राहील. "औषधसदृश वस्तू" लिहिले, आणि माझे मलाच हसू आले. पत्र फाडून टाकले.

मग फोन. वॉर्डातला फोन एक मदतनीस उचलत असे. "काय ते मला सांगा, मी डॉक्टरांना सांगतो," असे तो प्रत्येक वेळी म्हणे, आणि प्रत्येक वेळी मी फोन ठेवी. समुपदेशक बाईंनाही मी फोन केला. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना सांगा, आजच सांगा. सगळे बोलणे मी वरच्या गॅलरीत उभा राहून, आवाज दाबून करत होतो, कारण घरात रेंज नव्हती.

दुपारी शिंपी बांबूपलीकडे येऊन उभा राहिला. तोंडाला त्यानेच शिवलेला, चौकटीच्या कापडाचा मास्क होता.

"साहेब, एक बोलू? राग धरू नका."

"बोला."

"भाच्यानं मोबाइलवर बघितलं. आता नाव घातलं की सगळं दिसतंय. तुमच्या नावाचा दावाच न्हाय म्हणतोय. गडहिंग्लजात न्हाय, आजऱ्यात न्हाय, चंदगडात बी न्हाय."

ज्या गोष्टीची मी इतकी वर्षे वाट पाहिली होती ती समोर उभी होती.

"गल्लीला कवाच म्हाईत हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. त्याचा खाली आणलेला आवाज दोन घरांना ऐकू जातो. "दुसरं घर हाय न्हवं तुमचं तिकडं?"

मला अर्थ लागायला वेळ लागला.

"काय आसंल ते आसू दे. मी कोण इचारणार? पर वहिनी तिकडं ऑक्सिजनवर पडल्यात. आता तरी त्या बाईला फोन करत बसू नका. सकाळपासनं गॅलरीत कुजबुज चाललीया. आमी काय बहिरं हाय व्हय?"

मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्याच क्षणी मस्तकही भडकले. अब्रुनुकसानीची नोटीस द्यावी असा पहिला विचार आला. तिचा मसुदाही डोळ्यांपुढे उभा राहिला. पण आरोप खोटा आहे हे सिद्ध करायचे, तर मी महिन्यातून एकदा कोठे जातो हे शपथेवर सांगावे लागले असते. मी "तसे काही नाही" एवढेच म्हणालो. त्याने ज्या रीतीने मान हलवली, त्यावरून त्याचा संशय आता पुराव्यानिशी पक्का झाल्याचे दिसले.

मी पत्नीला फोन करून हे सांगितले. ती हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"समोरच्या अक्कानं मला मागंच विचारलंय," ती म्हणाली. शिंप्याच्या बायकोला ती अक्का म्हणते. "'सवत दिसायला कशी हाय?' मी म्हटलं, माझ्यापेक्षा काळी हाय."

"आणि तू मला सांगितले नाहीस?"

"तुमी नोटीस दिली असती की. आता हसवू नका, दम लागतोय. गोळीचं बघा. आज बी चुकली."

फोन ठेवल्यावर मी कपाटाचे कुलूप काढले. माझ्या वाट्याची एक न उघडलेली बाटली होती. तिला मी तपकिरी कागदात गुंडाळले, चिठ्ठी जोडली, दोऱ्याने बांधले आणि गाठींवर लाख ओतली. न्यायालयात मुद्देमाल पाठवतात तसे. कागदाच्या जोडावर आडवी सही केली. चिठ्ठीत "ही गोळी रुग्ण रोज घेते, खंड पडला आहे, फक्त डॉक्टरांनी पाहावे" एवढेच होते. मग प्रश्न राहिला तो नेणाऱ्याचा. मला बाहेर पडण्यास बंदी होती, एसटी आणि रिक्षा बंद होत्या, आणि अत्यावश्यक सेवेचा पास गल्लीत एकाच माणसाजवळ होता, कारण तो सरकारी दवाखान्यांना मास्क शिवून देत होता.

"साहेब, बाँब हाय काय ह्यात?" लाख पाहून शिंपी म्हणाला.

"तुमच्या वहिनींचे औषध आहे. डॉक्टरांच्याच हाती द्यायचे. कोणी उघडायचे नाही. आपणही नाही."

"मी कशाला उघडतोय? मला तुमची सही बघून बी भ्या वाटतंय." त्याने पाकीट कानाशी धरून हलवले. गोळ्यांचा आवाज झाला. त्याने माझ्याकडे पाहिले, पाकीट डिकीत टाकले आणि गाडी सुरू केली. तो आवाज त्याने मुद्दाम ऐकला, असे माझे मत आजही कायम आहे.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा दिवेलागण झाली होती.

"काका, पाकीट मिळालं. पण तुम्ही फोनवर काय सांगायचं न्हाय."

"का?"

"ते आजींचं हाय. मी आधी त्यांना एकटीला विचारतो, मग तुमच्याशी बोलतो."

तिने फोन ठेवला. मी मोबाइल हातात घेऊन तसाच बसलो. ज्या कायद्याचे प्रत्येक कलम मला पाठ होते, त्यात गुप्ततेचा हक्क ज्याचा त्याला दिलेला आहे. पत्नीचा हक्क माझ्या ताब्यात आहे, असे कोणत्याही कलमात नव्हते, आणि ही गोष्ट मला त्या पोशाखातल्या मुलीने एका वाक्यात सांगितली. तिच्या म्हणण्यावर हरकत घेण्यासारखे मला काहीही सापडले नाही. याचा मला रागच आला.

थोड्या वेळाने तिने पुन्हा फोन केला.

"आजींनी सांगितलं. केसपेपरवर लिहा म्हणाल्या. गोळी मघाशीच दिली."

"केसपेपर कोण कोण वाचतो?"

"जो त्यांना बघणार तो. पुढच्या पाळीच्या डॉक्टरांना कळायलाच पाहिजे, काका. हितं सगळ्यांना झिंक आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू हाईत. त्या ह्या गोळीबरोबर घेतल्या तर ही अंगात नीट लागत न्हाय. डबी आजींजवळ राहिली असती तरी त्यांनी दोन्ही एकदमच घेतल्या असत्या. आता ही सकाळी, त्या रात्री."

"आणि तो विषाणू?"

"तो दाबलेला हाय की, गोळ्या नियमित हाईत म्हणून. खंड पडायला नको. मला काळजी साखरेची हाय. स्टिरॉइडनं लई वाढल्या. त्यावर लक्ष ठेवायला लागंल. आणखी एक. पाकिटाचं सील गेटवर फोडलंय. सगळ्याच पाकिटांचं फोडतात. आत कुणी बघितलं ते मला म्हाईत न्हाय."

खाटेला फीत बांधली आहे का, असे मी पत्नीला रोज विचारत होतो. ती रोज नाही म्हणत होती. फीत नाही म्हणून ती सांगते, की मला त्रास नको म्हणून सांगते, हे मला ठरवता येत नव्हते. शेवटी तिने मोबाइलवर खाटेचा फोटो पाठवला. खाटेला चादर आणि ऑक्सिजनची नळी होती. फोटोच्या कडेला शेजारच्या बाईचा हात होता. ती पत्नीला मोसंबीची फोड देत होती.

साखर उतरायला वेळ लागला. पत्नी घरी आली तेव्हा इतकी हलकी झाली होती, की पायऱ्या चढताना तिचा पदरच तिला जड वाटत असावा. शिंप्याच्या बायकोने त्या दिवसापासून डब्यातून पातळ खिचडी पाठवायला सुरुवात केली. ती डबा बांबू काढलेल्या दाराशी ठेवी आणि मागे सरकून सांगे, "धुऊन उन्हात ठेवा. उद्या न्हेतो."

हे वाक्य मी अनेक दिवस तपासले. डबा उन्हात ठेवायचा, तो कोणत्या रोगासाठी? कोरोनासाठी असेल, तर ती सगळ्याच घरांना तसे सांगत असणार. त्या दुसऱ्या कारणासाठी असेल, तर गेटवर फोडलेल्या पाकिटातली बाटली तिच्या नवऱ्याने वाचली होती. एका रोगाची भीती दुसऱ्या रोगाच्या आडोशाने उभी राहिली, की ती ओळखू येत नाही. मी खिडकीत बसून गल्लीतल्या इतर घरांकडे जाणारे डबे पाहत राहिलो.

पुढे निर्बंध उठले. पत्नी सकाळी उन्हाला पायरीवर बसू लागली. मी आत वर्तमानपत्र धरून बसत असे; वाचत नसे. एका सकाळी शिंप्याची बायको भाजी निवडायला तिथे येऊन बसली, आणि पत्नीने पदराच्या गाठीतून गोळी काढून तिच्यादेखत पाण्याबरोबर घेतली.

"अजून कसली गं गोळी? बरी झालीस की."

पत्नी काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. तिने आवाज उतरवला होता, पण थांबली नव्हती, बरेच बोलली. नंतर पावट्याच्या शेंगा मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"म्हंजे ते गडहिंग्लज?" शिंप्याची बायको म्हणाली.

"गोळ्या आणायला."

"सवत न्हायच म्हण की."

"न्हाय गं अक्का."

"आन् मी इतकी वर्सं तुझ्यापायी त्यांच्यावर डोळं वटारतोय."

ती शेंगा पदरात घेऊन उठली आणि घरी गेली. तिने दार लोटले, की वाऱ्याने लोटले, हे मला खिडकीतून दिसले नाही. त्या दिवशी मी पत्नीला एका शब्दानेही बोललो नाही. हक्क तिचा होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती पुन्हा आली. पण पत्नीच्या शेजारी बसली नाही. एक पायरी खाली बसली. मी ते पत्नीच्या निदर्शनास आणून दिले. ती म्हणाली, "गुडघा दुखतोय तिचा. ती रोज तिथंच बसत्या. तुमी कवा बघितलंय?" मी याआधी कधी पाहिले नव्हते, हे खरे आहे. त्यामुळे आता मी रोज पाहतो. अद्याप मला निष्कर्ष काढता आलेला नाही, आणि पत्नी गोळी घेण्यासाठी माझ्या निष्कर्षाची वाट पाहत नाही.